गिरणीभोवतीची रेघ

चेअरमनकाकांच्या गव्हात मी बाजरी मिसळली आणि गिरणीतून माझी हकालपट्टी झाली. सोसायटीचे चेअरमन म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. त्यांच्या मुलीला बघायला शेवगावहून पाहुणे यायचे होते, पुरणपोळीचा बेत होता आणि गहू आमच्याकडे दळायला आले होते. आधीच्या गिऱ्हाइकाची बाजरी गिरणीच्या टोपात निम्मी शिल्लक आहे हे मी विसरलो आणि वरून गहू ओतून मोकळा झालो. पोळ्या करड्या रंगाच्या झाल्या. पाहुण्यांनी त्या गुमान खाल्ल्या, सोयरीकही जमली, पण दुसऱ्या दिवशी चेअरमनकाका एक पोळी रुमालात बांधून घेऊन आले, अण्णांच्या हातावर ठेवली आणि काही न बोलता निघून गेले. अण्णा म्हणजे माझे वडील. तेही काही बोलले नाहीत. पोळी माझ्यापुढे धरली आणि अंगठा दाराकडे केला. मी सहावीत होतो. एवढ्या कोवळ्या वयात बडतर्फ झालेला आमच्या घराण्यात मीच पहिला.

ते बोलले नाहीत ह्यात रागाचा भाग कमी आणि सवयीचा जास्त. आमच्या घरात बोलण्याची सोयच नव्हती. पुढच्या दोन खोल्यांत गिरणी, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक दार, आणि ते दार लावलेलं मी कधी पाहिलं नाही. तिसगावच्या बाजारातून सायकलवर निघालं की फार दम लागायच्या आत येणारं आमचं गाव. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून गिरणी डिझेल इंजिनावर. इंजिनाची धडधड, पट्ट्याची फटफट, दगडांची घरघर आणि कडेला मिरची कांडायचा डंक. डंक म्हणजे लोखंडी मुसळांची रांग. एक वर गेलं की दुसरं उखळात आदळायचं, आणि फडताळातल्या कपबश्या दिवसभर थरथरत राहायच्या. ह्या सगळ्यात माणसाचा आवाज कुठं पोचणार. म्हणून आम्ही हातांनी बोलायचो. जोंधळ्यासाठी मूठ, बाजरीसाठी चिमूट, गव्हासाठी पोटावरून हात, कारण गहू सणाचा. बारीक दळायचं असेल तर अंगठ्यानं बोट चोळायचं. गिऱ्हाईक कटकटं असेल तर कानाची पाळी ओढायची, ही खूण फक्त घरातली. इंजिन बंद झालं तरी जेवताना हीच भाषा चालायची. मामा एकदा मुक्कामाला आला आणि सकाळी आईला म्हणाला, "ताई, तुज्या घरात येक तर आरडतेत न्हाई तर मुके व्हतेत. मधलं काय न्हाईच का?"

जेवणाचं सांगायचं तर आमच्या घरी भाकरीचं पीठ एका धान्याचं कधी नव्हतंच. दगडांच्या कडेला साचलेलं, कापडी सोंडेत अडकलेलं, झाडून काढून चाळलेलं पीठ आई परातीत घ्यायची. त्यात जोंधळा असायचा, बाजरी असायची, कुणाच्या डाळीचं बेसन, कुणाच्या भाजणीतले धने. उन्हाळ्यात मिरचीचा झणकाही यायचा. ती भाकरी तव्यावर फुगली की सगळं गाव एका वासात घरात यायचं. हल्ली आमची बायको शहरातल्या दुकानातून सात धान्यांचं पीठ आणते, चकचकीत पिशवीतलं. मी तिला म्हटलं, हे आम्ही लहानपणी फुकट खायचो. ती म्हणाली, गिऱ्हाइकांना कळलं नव्हतं वाटतं.

आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे पुकपुक्या. इंजिनाचं धुराडं छपरातून वर गेलेलं होतं. त्याच्या तोंडावर अण्णांनी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा भोकं पाडून बसवला होता. धूर त्यातून बाहेर पडताना अशी काही शीळ घालायचा, पुक पुक पुक, की ओढ्यापलीकडच्या वस्त्यांवर बायका म्हणायच्या, गिरणी लागली, चला. शेजारच्या गावच्या गिरणीला असा डबा नव्हता, म्हणून तिकडची निम्मी गिऱ्हाइकं आमच्याकडे वळली होती. अण्णांनी आयुष्यात एकच शोध लावला, तो हा. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो सार्थ होता. फक्त एक गोष्ट कुणी लक्षात घेतली नव्हती. गिरणीच्या मागच्या अंगाला शाळा होती. आमच्या शाळेतल्या प्रत्येक गुरुजींचा घसा कायम बसलेला असे. आम्हाला वाटायचं, डी.एड.च्या कॉलेजात त्यांना हेच शिकवत असावेत.

मी गेलो आणि माझ्या जागी माझी धाकटी बहीण मंदा बसली. तशी ती गिरणीतच वाढलेली. माझ्या वेळी घरात आत्या होती सांभाळायला. मंदाच्या वेळेपर्यंत आत्याचं लग्न झालेलं, त्यामुळे मंदाचा पाळणा इंजिनाशेजारच्या तुळईलाच होता. नऊ वर्षांची पोर, पण कामाला चोख. सोंडेखाली डबा धरायची, दोन टपल्या मारून पीठ उतरवायची, एकाचा दाणा दुसऱ्यात जाऊ द्यायची नाही. मिरचीच्या हंगामात डंकाशेजारी बसून तिखट चाळायची. आई तेव्हा सगळ्यांच्या नाकाला ओलं फडकं बांधायची. नाकाची एवढी काळजी घेणाऱ्या घरात कानाचं कुणाच्या मनात आलं नाही. चेअरमनकाका तर मंदाचं कौतुक करताना थकायचे नाहीत. "अण्णा, पोरगी हुशार हाय तुमची. बोलनाऱ्याच्या तोंडाकडं बघती, येक शब्द खाली पडू देत न्हाई. न्हाई तर हा तुमचा बबन." माझं नाव आलं की रांगेतले सगळे माझ्याकडे बघायचे. मी दारात उभा राहून शेंगा खात असायचो.

साळवे बाई श्रीरामपूरहून बदलून आल्या आणि मंदाच्या चौथीच्या वर्गाला मिळाल्या. उंच, सडसडीत, बोलणं हळू, मनगटावर चावीचं घड्याळ. फाल्गुनात वारं सुटलं, मैदानातली धूळ वर्गात येऊ लागली, तसा बाईंनी तोंडाला पदर लावून शिकवायला सुरुवात केली. आणि वर्गातली पहिल्या नंबरची मंदा भिंतीकडे बघत बसल्यासारखी बसू लागली. प्रश्न विचारला तरी ढिम्म. बाईंनी पदर खाली घेतला की उत्तर तयार. पुन्हा पदर, पुन्हा ढिम्म. बाईंनी हे दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मला बोलावून घेतलं.

"घरी मंदाला हाक कशी मारता?"

"हात करून."

"आणि ती पाठमोरी असली तर?"

मी विचार केला. "भाकरीचा तुकडा मारतो, बाई."

मला वाटलं त्या हसतील. माझ्या वर्गात ह्यावर हशा झाला असता. त्या हसल्या नाहीत. मैदानापलीकडच्या आमच्या छपराकडे, पुकपुक्याकडे बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौथीला सकाळी लवकर बोलावलं, इंजिन सुरू व्हायच्या आत. मी खिडकीबाहेर उभा होतो. सगळी पोरं भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसली. बाईंनी घड्याळ मनगटातून काढलं आणि एकेकाच्या मागून हळूहळू जवळ आणत गेल्या. टिकटिक ऐकू आली की हात वर करायचा. बहुतेकांचे हात घड्याळ एक हात लांब असतानाच वर गेले. आमच्या गल्लीतल्या दोघांना जरा जवळ आणावं लागलं. मंदाच्या मागे त्या आल्या. एक हात. एक वीत. चार बोटं. मी खिडकीचे गज धरून मनात म्हणत होतो, कर ना हात वर. घड्याळ तिच्या कानाला टेकलं तेव्हा ती दचकली आणि मग हात वर केला, सगळ्यांच्या आधी ऐकल्यासारखा हसून.

शाळा सुटल्यावर बाईंनी मला समजावून सांगितलं. कानाच्या आत अगदी बारीक केसांसारखं काहीतरी असतं, वाऱ्यावर ज्वारी डुलावी तसं ते आवाजानं डुलतं. आवाज फार मोठा, फार वेळ झाला की वादळात ज्वारी लोळावी तसं ते लोळतं. "एखाद्या दिवसाचं असलं तर पुन्हा उठतं. रोजचं झालं की उठत नाही. गेलेलं परत येत नाही, बबन. राहिलेलं राखता येतं, आणि त्याला लांब राहण्यासारखा दुसरा उपाय नाही." मग त्यांनी विचारलं, "सुट्टीत ती कुठं असते?"

"डंकापाशी," मी म्हणालो. येत्या रविवारी डंक सुरू व्हायचा होता. सकाळची शाळा झाली की मंदा अंधार पडेपर्यंत तिथं, आणि सुट्टी लागली की दिवसभर.

बाई त्याच दुपारी गिरणीत आल्या. दारात डब्यांची रांग, चेअरमनकाका पोत्यावर बसलेले, मंदा सोंडेखाली. बाईंनी ओरडून, हातवारे करून अण्णांना सांगितलं: मी तुमच्यापासून एक हात लांब उभी राहते आणि साध्या आवाजात बोलते. आवाज चढवल्याशिवाय कळलं नाही, तर ही जागा पोरांसाठी नाही असं समजायचं. साधी गोष्ट होती. बाईंच्या वडिलांना कुणीतरी कधी सांगितलेली. अण्णांनी मान डोलावली, म्हणजे बोला. मला दारातून बाईंचे फक्त ओठ हललेले दिसले.

"झालं की," अण्णा खणखणीत म्हणाले. "भाकर आन ठेचा."

पुन्हा ओठ हलले.

"चवथीत. तुमच्याच वर्गात न्हाई का."

रांगेत हशा पिकला. चेअरमनकाकांनी मांडीवर थाप मारली. "हरला तुमी, बाई." बाईंचा चेहरा उतरला. माझाही. अण्णा मात्र हसले नाहीत. "बाई, माजा जल्म गेला ह्या आवाजात. दगड झिजला, टाकी कवा लावायची ते म्या कानानं वळकतो. पोरगीबी ह्याच आवाजात निजायची. मला नका सांगू."

त्या रात्री जेवताना अण्णा तोंडानं बोलले. आमच्याकडे महत्त्वाचं तेवढं तोंडानं बोललं जायचं. "लई शिकवाया लागली ती बाई. समद्या गिऱ्हाइकांपुढं. परत गिरणीत आली तर पोरीची शाळा बंद. चवथी झाली, बास झालं." आईचा हात तव्यावर थांबला, भाकरी एका कडेनं करपली. मंदा अण्णांच्या ओठांकडे बघत होती, मग आईकडे, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं होतं. तिनं हातातला घास ताटात ठेवला आणि पाणी प्यायली. तक्रार कशी करायची, ही खूण आमच्या भाषेत नव्हती.

सकाळी मी बाईंना गाठून सांगितलं की येऊ नका, शाळा बंद करतील. त्या ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "काल अण्णा सारखे माझ्या तोंडाकडे बघत होते. तुझ्या लक्षात आलं?"

"आमच्यात सगळेच बघतात."

"माझे वडीलही बघायचे," बाई म्हणाल्या. ते साखर कारखान्यात होते, उसाच्या चरकांपाशी. "आई म्हणायची, मुद्दाम ऐकून न ऐकल्यासारखं करतात. आम्ही पोरं चिडवायचो. त्यांना आवाज अडवायला कानावर घालायच्या वाट्या मिळाल्या तेव्हा आत झाकायला काही उरलं नव्हतं." त्यांनी घड्याळाला चावी दिली. मला वाटलं त्या विचार बदलतील. "शाळा बंद झाली तर मी घरी येऊन शिकवीन रे. कान बंद झाले तर काय करू, ते मला माहीत नाही. मी येणार."

रविवारपर्यंत माझं जेवणात लक्ष नव्हतं, आणि माझ्याबाबतीत हे आईच्या लगेच ध्यानात यायचं. तिनं काय झालं म्हणून हातानं विचारलं, मी हातानं काही नाही म्हणालो. खोटं बोलायला ती भाषा फार सोयीची.

रविवारी दारात मिरचीची पोती लागली होती. चेअरमनकाकांच्या घरची मिरची पहिली, तो त्यांचा मान. दळणाचं इंजिन चालू होतं, डंकाचा पट्टा अजून चढवायचा होता. मंदा नाकाला ओलं फडकं बांधून, चाळणी मांडीवर घेऊन डंकाशेजारी बसली होती. दारात बाई दिसल्या तसा अण्णांचा हात पट्ट्यावरच थांबला. त्यांनी आईकडे बघितलं, मग मंदाकडे. मला वाटलं, झालं, आता मंदाचं पाटी-दप्तर बाहेर येणार. बाई पुढे आल्या आणि इंजिनाकडे बोट दाखवून हात आडवा केला. बंद करा. आमची खूण त्यांनी मंदाकडून शिकून घेतली होती.

दळणाच्या मध्ये इंजिन बंद करणं म्हणजे ताटावरून उठवणं. अण्णा हलले नाहीत. बाईही हलल्या नाहीत. रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी चेअरमनकाका पोत्यावरून उठले, अण्णांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "करा की बंद घडीभर. मास्तरीन दारात उभी हाय. माज्या मिरचीला काय व्हतंय?"

अण्णांनी इंजिन बंद केलं. धडधड मंद होत होत थांबली, पट्टा लोंबकळला, आणि घरात अशी शांतता पसरली की आढ्यावरच्या चिमण्या ऐकू येऊ लागल्या. मिरचीचा झणका हवेत होताच. बाईंनी पदर नाकातोंडावर घेतला आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "अण्णा, मंदाला आज इथं बसवू नका."

पार मागच्या माणसालाही ते ऐकू गेलं. सगळे अण्णांकडे बघू लागले. अण्णा बाईंच्या पदराकडे बघत होते. बाई पुन्हा तेच म्हणाल्या. अण्णांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी एकदा आमच्याकडे, एकदा रांगेकडे बघितलं आणि वैतागून म्हणाले, "तोंडावरचं काढा की, बाई. कसं कळायचं?"

कुणी हसलं नाही. चेअरमनकाकांनी टोपी काढून हातात घेतली. बाईंनी पदर खाली घेतला, मनगटातलं घड्याळ सोडलं आणि अण्णांच्या हातात दिलं. कानाला लावा, अशी खूण केली. अण्णांनी लावलं. मग दुसऱ्या कानाला लावलं. हलवून पुन्हा लावलं.

"बंद हाय," ते म्हणाले. "चावी द्या ह्याला."

बाईंनी घड्याळ परत घेतलं आणि मंदाच्या कानाला टेकवलं. मंदानं डोळे मिटले, नाकावरच्या फडक्यामागं हसली, आणि दोन बोटांची चिमूट करून हवेत टिचक्या मारू लागली. टिक, टिक, टिक. अण्णा तिच्या बोटांकडे बघत राहिले. मग बाई माझ्याकडे वळल्या. त्या माझ्याजवळ आल्या नाहीत. एक हात लांबच थांबल्या आणि घड्याळ हवेत धरलं.

मला ऐकू येत होतं. एवढं स्वच्छ की मला ते नको होतं. मी गिरणीतून हाकललेला, शेंगा खात दारात उभा राहणारा, कामाचा ना धामाचा. माझे कान शाबूत होते. कानाला टेकल्यावर मंदाला कळत होतं. दगडाची टाकी कानानं ओळखणाऱ्या अण्णांना काहीच कळत नव्हतं. एकाच घड्याळापुढं आम्ही तिघं एका रांगेत उभे होतो, आणि मंदा कुठून निघाली आहे आणि कुठं पोचणार आहे हे सगळ्या रांगेला दिसत होतं.

"बबन," अण्णा म्हणाले. "चालू हाय का रे त्ये?"

सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्यांनी मला विचारलं होतं. बंद आहे म्हटलं असतं तर बाई खोट्या ठरल्या असत्या, अण्णांची मान वर राहिली असती, इंजिन पुन्हा लागलं असतं. मी मंदाकडे बघितलं. ती अजून टिचक्या मारत होती.

"चालू हाय, अण्णा," मी म्हणालो. म्हणजे म्हणालो असं मला वाटलं. घशातून आवाज फुटलाच नव्हता. त्यांना त्याची गरजही पडली नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

अण्णांनी खांद्यावरच्या पंच्यानं हात पुसले. मंदाकडे वळले आणि अंगठा दाराकडे केला, मला केला होता तसाच. मंदाचा चेहरा पडला. आपल्या हातून कुणाचा दाणा कुणात गेला, असंच तिला वाटलं, आणि चाळणी खाली ठेवताना तिचे डोळे भरून आले. तेव्हा अण्णा तिच्यासमोर उकिडवे बसले, तिच्या दोन्ही कानांवर हात ठेवले, आणि मग हात काढून हळूच मूठ मिटून आपल्या छातीशी धरली. ही खूण आमच्यात नव्हती. ती त्यांनी तिथल्या तिथं केली, आणि तिला ती कळली.

त्या दिवशी डंक उशिरा लागला आणि तिखट चाळायला चेअरमनकाकांच्या घरचा गडी बसला. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू असताना बाईंनी चौथीची पोरं गिरणीच्या अंगणात आणली. अण्णांनी अडवलं नाही. कोपऱ्यात उभं राहून बघत राहिले. पोरांच्या जोड्या लावल्या. एकमेकांपासून एक हात अंतर ठेवायचं, साध्या आवाजात बोलायचं, ऐकू आलं नाही की दोघांनी आणखी मागं सरकायचं. जिथं ओरडावं लागणार नाही तिथं कबड्डीची फक्की टाकून रेघ मारायची. पोरं बोलत बोलत मागं निघाली. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून पाराकडे, आणि मागच्या बाजूनं मैदानात. मैदानातली जोडी मागं सरकत सरकत शाळेच्या पायरीवर चढली, तिसरीच्या वर्गात शिरली आणि तिथं फळ्याखाली जाऊन थांबली. बाईंनी वर्गात रेघ मारली.

अण्णा ती रेघ बघायला स्वतः शाळेत आले. चपला बाहेर काढून वर्गात गेले, फळ्याखालच्या पांढऱ्या रेघेपाशी उभे राहिले, खिडकीतून आपल्या छपराकडे बघितलं. इंजिन थंड झाल्यावर शिडी लावून छपरावर चढले आणि पुकपुक्या काढून खाली टाकला. त्याचा पत्रा अंगणात आपटला तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली. आपल्या घरातलं कुणी गेल्यासारखी ती त्या डब्याकडे बघत होती.

पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. गिरणी चालू आहे की बंद, हे वस्त्यांवर कळायचं कसं? शेजारच्या गावचा गिरणीवाला आमच्या पारावर येऊन चहा पिऊन गेला, आणि अण्णा दोन दिवस धड जेवले नाहीत. ते दोन दिवस मला बाईंचा राग आला होता, हे खरं. तिसऱ्या दिवशी मंदानं पिठाचं रिकामं पांढरं पोतं आणलं, काठीला बांधायची खूण केली आणि छपराकडे बोट दाखवलं. इंजिन लागलं की पोतं वर, बंद झालं की खाली. ओढ्यापलीकडच्या बायका आता कान देण्याऐवजी कपाळावर हात धरून बघू लागल्या. हळूहळू रांग परत आली. पुकपुक्या गेल्यावर आवाज घटला, त्यामुळे नवी रेघ अंगणातच बसली, आणि रेघेच्या आत पोरगं दिसलं की अण्णा दळण थांबवायचे, मग ते चेअरमनकाकांचं असो. बाईंनी श्रीरामपूरहून वडिलांच्या त्या कानावरच्या वाट्या आणल्या. त्या घालून आई डंक चालवायची. अण्णा म्हणायचे, विमान चालवती जनू. दुसरा जोड अण्णांनी स्वतःसाठी मागवला आणि रोज घातला. त्यांच्यासाठी त्यात आता काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, मंदानं बघावं म्हणून ते घालत असावेत.

नगरला कानाच्या डॉक्टरांनी मंदाला तपासून बाईंचंच म्हणणं पुन्हा सांगितलं. गेलेलं गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा तपासलं तेव्हा मात्र नुकसान तिथंच थांबलेलं होतं. मंदा शिकली, शेवगावला दिली, तिथंच पतसंस्थेत काउंटरवर बसते. काचेपलीकडचं गिऱ्हाईक काय पुटपुटलं ते साहेबांच्या आधी तिला कळतं. मी शाळेत क्लार्क झालो. गॅदरिंगला माणसाएवढे स्पीकर येतात तेव्हा शिपायाला घेऊन मी आधी फक्कीची रेघ मारतो आणि पहिली-दुसरीची पोरं तिच्यामागं बसवतो. साऊंडवाला पोरगा मला रेघवाले काका म्हणतो. त्यानं आवाज वाढवला की मी रेघ मागं नेतो, आणि रेघ प्रेक्षकांच्या पार मागं जाऊ लागली की मुख्याध्यापक त्याला आवाज कमी करायला सांगतात. ह्यापलीकडे माझ्या हातून काही घडलेलं नाही.

हे प्रकरण लिहून झालं तेव्हा बायको ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी कागद डोळ्यांपुढं धरून तिला सगळं वाचून दाखवलं, आमच्या गिरणीतल्या पट्टीत, रस्त्यावरची दोन माणसं थांबली एवढ्या मोठ्यानं. शेवटपर्यंत आलो, कागद खाली ठेवला आणि ती डोळे पुसत असेल म्हणून बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"मंदाताईंचे निम्मे कान गेले," ती म्हणाली, "तरी समोरचा बोलायला लागला की त्या मान वर करतात. तुमचे दोन्ही शाबूत राहिले. मी केव्हाची विचारतेय, चहा ठेवू का."